गुलाबी पाणी

केसांचे टोप बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुटी झाली की हात धुवायचे, आणि तेही साध्या पाण्याने नाही, हा नियम मालकाने केलेला नव्हता. मालकाला कशाचं सोयरसुतक नव्हतं. टोप वेळेवर मिळाले की त्याचं गंगेत घोडं न्हालं. नियम होता मोठ्या मावशीचा, तिथल्या सगळ्यांत जुन्या कारागिणीचा. कारखाना म्हणजे तरी काय, गल्लीच्या टोकाला छापखान्याच्या माडीवरची एक लांबट खोली. खाली यंत्र सुरू झालं की वरची जमीन थरथरायची, आणि भिंतीच्या फळ्यांवर मांडलेली लाकडी डोकी सरकत सरकत एकमेकांकडे तोंडं करायची. सकाळी आल्यावर पहिलं काम ती डोकी सरळ करायचं. नव्या पोरी आधी हसायच्या. चार दिवस हसायच्या, मग गुपचूप सरळ करायला लागायच्या.

केस पोत्यांतून यायचे. कुणी विकलेले, कुणी आजारपणात उतरवलेले, आणि काही, मावशी म्हणायची, "मालकिणीला न विचारता आणलेले." म्हणजे मेलेल्या बाईचे. खरंखोटं देव जाणे. पण असं एकदा कानावर पडलं की पोत्यात हात घालताना बोटं आपोआप आखडतात. केस आले की आधी गुलाबी पाण्यात बुडवायचे. निळ्या कॅनमध्ये औषध असायचं, बादलीभर पाण्यात झाकणभर टाकलं की पाणी गुलाबी व्हायचं. त्याने किडे मरायचे, वास मरायचा. आणि घरी जाताना प्रत्येकीने त्याच पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचे.

"केस मेले तरी त्यांची मालकीण मरत नाही," मावशी म्हणायची. "हात न धुता जिना उतरलीस की ती मागोमाग उतरते. मग घरी जाऊन कुणाच्या ताटात बसेल आणि कुणाच्या अंथरुणात, ते आपल्या हातात नाही."

हे ती गमतीने बोलतेय की मनापासून, ते तोंडावरून कधी कळायचं नाही. मावशी एकटी राहायची, सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची, आणि तिच्या हातांची कातडी सुकलेल्या चिंचेच्या सालीसारखी झाली होती. तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती.

आता आपली गोष्ट जिची आहे तिला सगळे बारकी म्हणायचे. अंगाने ती बारीक होतीच, पण नाव पडलं ते तिच्या गाठीवरून. टोप म्हणजे डोक्याच्या मापाची पातळ जाळी आणि तिच्या एकेका भोकात आकड्याने ओढून गाठवलेला एकेक केस. बारकीची गाठ इतकी बारीक की भिंग लावून तपासणाऱ्या मालकालाही दिसायची नाही. तो म्हणायचा, "बाई, केस बांधलेत की पेरलेत?" जीभ मात्र अजिबात बारीक नव्हती. फटकळ म्हणजे इतकी की खालचे छापखानेवाले जिन्यात ती दिसली की बाजूला व्हायचे.

तिचा नवरा पावाच्या भट्टीवर कामाला. रात्रभर पीठ मळायचा, उजाडताना घरी यायचा आणि दुपारपर्यंत घोरायचा. ती सकाळी मुलीला शाळेत सोडून कामाला जायची, दुपारी परतायची. मुलगी यायला अवकाश असायचा. लोकांचा संसार रात्रीचा, यांचा दुपारचा. कारखान्यातल्या बायका त्यावरून काय काय बोलायच्या! घड्याळाचा काटा कलला की कुणीतरी म्हणायचीच, "सोडा गं हिला लवकर, हिची रात्र झाली." बारकी लाजायची नाही. "जळा," म्हणायची. गोष्ट खरीच होती, दोघांचं बरं जमायचं. पिठाचा वास असलेला, टकलावर हात फिरवत हसणारा तो माणूस तिला मनापासून आवडायचा.

नवऱ्याला दिवसा झोप यावी म्हणून खोलीला जाड पडदा होता. त्यामुळे बाहेर कितीही लख्ख ऊन असो, आत कायम तिन्हीसांजच. लोखंडी पलंग, पत्र्याचं कपाट, कपाटाच्या दारावर आरसा. पडद्याच्या फटीतून एक उन्हाची रेघ यायची आणि आरशावरून पलंगावर पडायची. एवढाच काय तो उजेड.

मग ती वेणी आली.

पोत्यातले केस सुटे असतात, नाहीतर दोऱ्याने बांधलेले. ही घातलेली वेणीच होती, टोकाला फीत बांधलेली, मुळाशी एका फटक्यात कापलेली. काळीभोर, सरळ, जाड केसांची. मावशीने ती उचलून उजेडात धरली. "झोपायच्या आधी घालतात तशी सैल आहे," म्हणाली, आणि बारकीच्या मांडीवर ठेवून निघून गेली. आता हे सांगायची काही गरज होती का? पण मावशी ती मावशी.

बारकीने फीत सोडली, पेड उलगडले. आतून वास आला. तेलाचा नाही, साबणाचा नाही. बंद खोलीत कुणी खूप वेळ झोपलेलं असावं, तसला. तिने केस गुलाबी पाण्यात टाकले, पिळले, वाळवले, खिळ्यांच्या फळीवरून ओढून विंचरले. वास जाईना. आणि नेमकं त्याच दिवशी नळाचं पाणी गेलं, बादली रिकामी, आणि शाळेतून निरोप आला की मुलीला ताप आहे. बारकी तशीच पळाली. अर्धा जिना उतरल्यावर आठवलं की हात धुतलेले नाहीत. क्षणभर थांबली. मागे जिन्याच्या वरच्या पायरीवर लाकूड करकरलं. वर कुणीतरी आलं असेल, असं स्वतःला सांगून ती खाली पळाली.

मुलीचा ताप साधा होता, दुसऱ्या दिवशी उतरलाही. पण त्याच दिवशी बारकीला उशीवर केस सापडला. लांब, सरळ, जाड. बारकीचे स्वतःचे केस कुरळे, मानेवर कापलेले. मुलीचे तसेच. नवऱ्याच्या डोक्यावर तर दिवा घेऊन शोधला तरी केस सापडायचा नाही. दुसरी एखादी असती तर तिने नवऱ्याची गचांडी धरली असती. बारकीच्या मनात तसलं काही आलं नाही. तिने तो केस बोटात धरला आणि तिच्या बोटांनी तो ओळखला. आदल्या दिवशी तेच केस तर तिने विंचरले होते.

हो, कपड्यांना चिकटून आला असेल. तिने स्वतःची समजूत घातली. पण त्या दुपारी नवऱ्याने हात पुढे केला, ती त्याच्या कुशीत शिरली, आणि तिला वाटलं की आपल्या पाठीशी कुणीतरी आहे. श्वास नाही, स्पर्श नाही. नुसतं असणं. गादी मागच्या बाजूला किंचित दबल्यासारखी. तिचं सगळं अंग लाकडासारखं झालं, आणि जे कधी दुखलं नव्हतं ते दुखलं. "आई गं!" तोंडातून गेलंच. नवरा तत्क्षणी बाजूला झाला. "काय झालं गं? मी काही...?"  काय बोलणार? पाठीमागच्या बाईला उठवा म्हणून सांगणार?

दुसऱ्या दिवशीपासून तिने कारखान्यात हात दोनदा धुवायला सुरुवात केली. मग मान धुतली. मग एका रिकाम्या बाटलीत गुलाबी पाणी भरून घरीच आणलं, न्हाणीत साबणामागे ठेवलं आणि त्यानेच अंघोळ करायला लागली. तरी तो बंद खोलीचा वास येतच होता, आणि आता तो आपल्याच अंगाला येतोय असं तिला वाटायला लागलं. मग तिने तिथंही धुतलं. नुसतं बाहेरून नाही, आतूनसुद्धा. आग झाली. इतकी की न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पण ती आग तिला बरी वाटली, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जखमेवर औषध झोंबतं म्हणजे ते लागू पडतंय, असंच आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. झोंबतंय म्हणजे ती निघतेय, असं बारकीने धरलं. रोज धुवायला लागली.

आणि रोज अधिक दुखायला लागलं. आधी नवरा जवळ आल्यावर दुखायचं, मग येणार म्हटलं तरी. खाज, आग, भलताच स्राव. तो नुसता कुशीवर वळला तरी तिच्या मांड्या आवळल्या जायच्या. इच्छा म्हणून जी काही गोष्ट असते ती तर कुठल्या कुठे गेली. ज्या दुपारची ती वाट बघायची, त्या दुपारी ती आता मुद्दाम भाजीबाजारात रेंगाळायची.

एकदा ती परतली तेव्हा नवरा भिंतीला अगदी चिकटून झोपला होता. पलंगाच्या कडेला एका माणसाची जागा, आणि मधे अजून एकाची. उन्हाची रेघ त्या मधल्या जागेवर पडली होती.

"अहो, असे कोपऱ्यात का झोपलात?"

तो झोपेतच म्हणाला, "तूच तर म्हणालीस, सरका म्हणून."

ती आत्ताच दारातून आत आली होती. हातातली पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती.

त्या दिवशी बारकी स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ लावून मुलगी येईपर्यंत उभी राहिली. तिला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती. फटकळपणा, विनोद, सगळं गळून पडलं होतं.

नवऱ्याने तिला कधी दुखावलं नाही. हाच तर त्रास होता. त्याने ओरडावं, भांडावं, म्हणजे तिलाही भांडता आलं असतं. तो गप्प झाला. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "मालक दुसऱ्या शहरात भट्टी टाकतोय. मला विचारलं होतं, मी नाही म्हणालो होतो. आता हो म्हणतो."

"आम्हीपण यायचं?"

"नको. तुझं काम इथं, पोरीची शाळा इथं." मग ताटाकडे बघत म्हणाला, "मी नसलो तर तुला जरा बरं वाटेल. तुला माझी शिसारी येते, ते मला कळतं गं."

बारकीने त्याच्या ताटात भाजी वाढली. नाही हो, असं नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण ते म्हटलं असतं तर पुढे "मग काय आहे?" आलं असतं. तिने ताटं उचलली आणि तो पहिल्या तारखेला जायचं ठरवून मोकळा झाला. तिला एकच दिसत होतं: जिला मधे जागा हवी होती तिला आता अख्खा पलंग मिळणार. नवरा जाणार, आणि आपण त्या अंधाऱ्या खोलीत तिच्याबरोबर राहणार.

मग ती मावशीकडे गेली. बाकीच्या गेल्यावर, मावशी डोकी पुसत असताना. "मावशी, मी एकदा हात न धुता घरी गेले."

मावशीने मागे वळूनही बघितलं नाही. "मधे झोपते?"

बारकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मधे झोपण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. "तुम्हाला कसं कळलं?"

"ती मधेच झोपते. माझ्याकडेही तशीच आली, लग्नाला दोन पावसाळे झाले नव्हते तेव्हा. नवऱ्याचा हात लागला की सुया टोचल्यासारखं व्हायचं."

"मग गेली?"

"तो गेला," मावशी म्हणाली. "आधी बाहेरच्या खोलीत झोपायला गेला, मग गावच सोडलं. मी रोज धुते, तरी ती आहेच. तू माझ्यासारखी कच्ची राहू नकोस. पाणी न घालता घे, कॅनमधलं. चांगलं जळू दे. जळलं म्हणजे जातेय."

बारकीने तेच केलं. पुढचं सविस्तर सांगत नाही. सकाळी कामावर आली आणि स्टुलावर बसायला गेली, ती किंचाळून उभी राहिली. ताप भरला होता. मावशी म्हणाली, "सोस थोडं." पण बारकीला तेवढ्यात पहिली तारीख आठवली, आणि कसं कोण जाणे, पर्स उचलून ती जिना उतरली ती थेट दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई आडव्या अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या, आणि सर्दीने नाक लाल झालेल्या. "बसा," म्हणाल्या.

"बसवत नाही."

"मग उभ्याने सांगा. कुठं दुखतं?"

"खाली."

"पायपण खालीच असतात, बाई."

बारकीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच बांध फुटला. ढसाढसा रडली. बाईंनी रडू दिलं, मग पडद्यामागे नेऊन तपासलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे काय करून घेतलंत? काय ओतलंत?"

बारकीने पर्समधून बाटली काढून दिली, पुन्हा भरून न्यायला आणलेली, तळाशी थोडं उरलेली. बाईंचं नाक चोंदलेलं, तरी त्या वासाने त्यांनी मान मागे घेतली. "हे कशासाठी असतं?"

"केस धुवायला. टोपाचे. आणि ती जावी म्हणून."

"ती कोण?"

मग बारकीने सगळं सांगितलं. वेणी, जिना, उशीवरचा केस, मधली जागा. वेडी म्हणतील, हसतील, अशी तयारी ठेवूनच सांगितलं. बाईंनी उठून दाराची कडी लावली, परत येऊन बसल्या आणि नाक शिंकरलं.

"भुतांचं मला शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "शरीराचं शिकवलंय, तेवढं सांगते. ती जागा स्वतःची स्वतः स्वच्छ राहते. तिचा आपला ओलावा असतो, त्यात चांगले जंतू असतात, ते राखण करतात. तुम्ही औषध ओतून आधी राखणदार मारलेत, मग चोर शिरले. कातडी सोलवटली, कोरडी पडली. त्यावर नवरा जवळ आला तर दुखणार नाही तर काय? आणि एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच दार लावून घेतं. तुमच्या हातात नसतं ते. आवळून घेतं, म्हणून आणखी दुखतं."

"पण पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी काहीच ओतलं नव्हतं," बारकी म्हणाली. तिला जिंकायचं नव्हतं, पण हे विचारल्यावाचून राहवेना.

"गोळ्या कसल्या घेता?"

"शिंकांची एक. केसांची धूळ असते ना. रोजच घेते."

"ती नाक सुकवते. कुणाकुणाचं बाकीचंही सुकवते. झोप?"

"पोरगी आजारी होती तेव्हा नव्हतीच. तशीही कमीच."

"आणि मनात भीती. झालं की! गोळी, जागरण, भीती. एवढं सगळं त्या पलंगावर बसवल्यावर भुताला जागा कुठं उरते, सांगा बघू."

बारकीने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "माझ्या एकटीलाच असं..."

"एकटीला?" बाईंचा आवाज परत खणखणला. "बाहेर बाकावर बसल्यात त्यांना विचारा. नको, विचारू नका, एकही खरं सांगायची नाही. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाची पाळी जायला आलेली असते. कुणी नुकती बाळंतीण, टाके ओले, अंगावर पाजतेय. कुणी मनाच्या गोळ्या घेते, कुणी रक्तदाबाच्या. कुणाला आत गाठ असते आणि ती पाळीचं दुखणं म्हणून वर्षानुवर्षं काढते. कुणावर लहानपणी कुणी हात टाकलेला असतो आणि अंग ते विसरत नाही. आणि काहींचं तर नवऱ्याशीच पटत नाही, तिथं औषध काय देऊ? सगळ्याजणी याच खुर्चीवर बसून म्हणतात, माझ्या एकटीलाच. तुमचं नवऱ्याशी पटतं?"

"खूप," बारकी म्हणाली आणि पुन्हा रडली.

"मग त्याला सांगा. औषध देते ते घ्या, बरं वाटेपर्यंत काही करायचं नाही, आणि बरं वाटल्यावरही घाई नाही. शिंकांसाठी तोंडाला फडकं बांधा, गोळीचं बघू. धुवायचं ते साध्या पाण्याने, बाहेरून. आत काही घालायचं नाही. साबणसुद्धा नाही." एवढं बोलून बाईंनी ती बाटली कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडी केली आणि नळ सोडला. गुलाबी पाणी गोल गोल फिरत गेलं. बारकी ते शेवटपर्यंत बघत राहिली.

घरी आली तेव्हा नवरा पिशवी भरत होता. पहिली तारीख उद्यावर होती. बारकीने आधी पडदा सरकवला. भसकन ऊन आत आलं आणि खोली एकदम लहान दिसायला लागली. मग तिने सांगितलं. तिथंच, उभ्याने, एका दमात, एकही गोष्ट न वगळता. मधल्या बाईचंही सांगितलं.

तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने हातातला शर्ट खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. बोटांच्या बेचक्यांतून भेगा पडल्या होत्या, मनगटापर्यंत कातडी लाल. हे तिला इतके दिवस दिसलं नव्हतं, कारण त्या अंधारात ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"न्हाणीत ती बाटली दिसली," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या अंगाला आंबलेल्या पिठाचा वास येतो, म्हणून तू माझ्यासाठीच आणलीस. तोंडावर सांगवत नसेल. मग मीपण रोज..."

"अहो, तुम्ही वेडे आहात का?" बारकी ओरडली. कितीतरी दिवसांनी ती ओरडली. "मला तो वास आवडतो!"

मग दोघं पलंगावर बसून आधी हसले आणि नंतर रडले. मुलगी शाळेतून आली तेव्हा आई बाबांच्या हातांना तूप चोळत होती. पिशवी तशीच अर्धवट पडली होती. त्याने भट्टीच्या मालकाला काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या शहरात दुसराच कुणी गेला.

बरं व्हायला वेळ लागला. आधी आग गेली, मग भीती. भीती चिवट असते, तिला गोळी नसते. कित्येक दुपारी दोघं नुसते शेजारी पडून गप्पा मारायचे आणि तो म्हणायचा, "मधे कुणी आहे का बघ, नाहीतर मी जरा सरकतो." एका दुपारी मधे कुणीच नव्हतं. दुखलं नाही. बारकीने नंतर उशी झटकली, चादर झटकली, काही सापडलं नाही. फक्त "तूच म्हणालीस, सरका" हे त्याला झोपेत कुणी सांगितलं, तेवढं एक तिने ना डॉक्टरीणबाईंना विचारलं, ना त्याला.

राहिली मावशी. बारकीला झोप येईना. कारखान्यात पोरी रोज रांगेने त्या बादलीत हात घालत होत्या. बारकी आता सुटताना साध्या नळाखाली हात धुवायची, आणि मावशी बघून न बघितल्यासारखं करायची. शेवटी एके दिवशी बाकीच्या गेल्यावर बारकी तिच्याजवळ जाऊन बसली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. राखणदारांचं, कोरडेपणाचं, शरीराने दार लावून घ्यायचं. सांगताना तिला वाटत होतं, मावशी चिडेल, हाकलून देईल.

मावशी फळीवरून केस ओढत होती. ओढता ओढता हात थांबला. खाली छापखान्याचं यंत्रही बंद झालं होतं.

"म्हणजे ते पाण्याने व्हायचं?"

"हो मावशी."

"मी त्याला म्हणायचे, तुझ्यामुळे नाही रे, ती आहे. तो म्हणायचा, कोण ती, दाखव. रडायचा. गडी माणूस रडायचा." मावशीने हातातले केस नीट गुंडाळून ठेवले. "आणि तू म्हणतेस, कुणी नव्हतंच."

"नव्हतंच, मावशी."

"रोज तिच्याशी दोन शब्द बोलते मी. भांडते, शिव्या देते. दिवा मालवताना म्हणते, सरक गं बाई तिकडे." मावशी बारकीकडे बघत होती, पण तिच्या पलीकडे कुठंतरी. "ती नव्हतीच म्हणतेस, तर मग इतकी वर्षं त्या घरात मी एकटीच होते?"

 बारकीने मावशीचा तो खरखरीत हात हातात घेतला. मावशीने थोडा वेळ राहू दिला आणि मग सोडवून घेतला. उठली, डोकी सरळ केली, दिवा मालवला. त्या वेणीचा टोप पुरा होऊन कोपऱ्यातल्या डोक्यावर बसला होता. मावशीने जाता जाता त्याच्यावरून एकदा हात फिरवला, पोरीच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

मग ती बादलीपाशी आली, थांबली, आणि हात न धुता जिना उतरायला लागली. बारकी वरून बघत होती. खालच्या दाराशी पोचल्यावर मावशीने दार उघडलं, बाहेर पडली, पण दार लगेच सोडलं नाही. मागून कुणीतरी येतंय म्हणून धरून ठेवतात, तसं थोडा वेळ धरून ठेवलं.